नववं कलम

“उंदीर खाऊन आलेला माणूस आम्हाला बाळंतपणाच्या गोष्टी सांगतोय!” चेअरमन कातोंगोंनी टेबलावर थाप मारली. “जेरे, आधी तोंड धुऊन ये.”

“येतो की. पण माकडाचं मटण शिजवणाऱ्यांकडे तोंड धुवायला पाणी तरी असतं का?” जेरे सर म्हणाले.

टेबलाभोवतीचे सगळे हसले. उपाध्यक्ष मुसोंडा तेवढे हसले नाहीत.

कातोंगो बेम्बा जमातीचे, जेरे एन्गोनी जमातीचे. पणजोबांनी एकमेकांची गावं जाळली होती. त्याची भरपाई म्हणून की काय, पणतवंडांना जन्मभर एकमेकांची टर उडवायचा हक्क मिळाला होता. या थट्टेच्या नात्यात राग धरायचा नाही, हे कासामा गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. जेरे सरांनी आजवर कधी धरला नव्हता. त्या दिवशी मात्र त्यांचं डोकं खरंच तापलं होतं.

संघटनेतर्फे जेरे सर बोलणी करत होते, पण शिक्षक संघटनेचा ट्रस्टशी व्हायचा नवा करार नवव्या कलमावर अडला होता. बाळंतपणाला गेलेल्या शिक्षिकेची नोकरी शाबूत राहील, एवढंच ते कलम. ट्रस्टच्या या शाळेत सहा शिक्षिका वर्षावर्षाच्या नेमणूकपत्रावर होत्या. पोट दिसू लागलं की पुढच्या वर्षीचं पत्र यायचंच नाही. यंदा चिशालाबाईंना सातवा महिना लागला होता. वर्गात त्या हजेरीचं मोठं पुस्तक पोटाशी धरून फिरायच्या, जसं काही त्यामागचं पोट कुणाला दिसणारच नाही. त्यांना जेरे सरांनी शब्द दिला होता. आता चेअरमन आणि उपाध्यक्षांची सही झाली की करार पक्का होणार होता.

“मत घेऊ आणि कलम काढून टाकू,” मुसोंडा म्हणाले. “आपण पाच ट्रस्टी, बहुमत कुठं आहे ते ठाऊकच आहे. पाच मिनिटांत विषय संपेल.”

“मत?” कातोंगो गरजले. “या जाड्याने माझ्या आजोबांच्या जेवणाला नावं ठेवल्यावर? माझं डोकं ठिकाणावर नाही. बैठक तहकूब!”

ही चौथी बैठक. मत घ्यायची वेळ आली की चेअरमनना कुठून तरी एखादा अपमान सापडायचा आणि कलम पुढच्या पंधरवड्यावर जायचं.

“म्हातारा टोलवतोय,” जेरे सर घरी येऊन बायकोला म्हणाले. “हो म्हणायची दानत नाही आणि नाही म्हणायची हिंमत नाही.” मग शेंगा सोलता सोलता तोंड धुवायची गोष्ट आठवली आणि ते स्वतःशीच हसले. काय करणार, त्या माणसावर त्यांचा जीव होता.

पाचव्या बैठकीला चेअरमन आले नाहीत. ते हॉस्पिटलात होते. जेरे सर भाजलेले शेंगदाणे घेऊन भेटायला गेले.

“उंदीर नाही आणलास?” कातोंगोंनी विचारलं. आवाज अगदी खोल गेला होता.

आठ दिवसांनी ते गेले.

दफनाला अख्खं कासामा लोटलं. जेरे सर रडत होते. खरं तर थट्टेच्या नात्यातल्या एन्गोनी भावाने अशा वेळी रडायचं नसतं. त्याने गेलेल्याची चेष्टा करायची, घरच्यांना हसवायचं आणि मागेल ते मिळाल्याशिवाय माती पडू द्यायची नाही. त्याला नाही म्हणणाऱ्याची गावात छी-थू होते. सगळ्या बायका जेरे सरांकडे आशेने बघत होत्या, पण त्यांना एक विनोद सुचेना.

मग मुसोंडा भाषणाला उभे राहिले. “नवव्या कलमाला चेअरमननी शेवटपर्यंत दाद दिली नाही,” ते म्हणाले. “उद्याच मत घेऊन आम्ही त्यांची इच्छा पूर्ण करू.”

चिशालाबाईंनी मान खाली घातली.

जेरे सरांनी डोळे पुसले, बूट काढले आणि आपल्या अवाढव्य देहानिशी ते कबरीच्या खड्ड्यात उतरले. मधोमध मांडी घालून बसले.

“या माकडखाऊला एकट्याला पुरलंत तर तिकडच्या लोकांना लुबाडेल!” खालून आवाज आला. “मलाही पुरा, नाहीतर नववं कलम द्या!”

हसण्याची लाट उसळली. बायकांनी किलकाऱ्या मारल्या. पाद्रीबुवांनी प्रार्थनेचं पुस्तक मिटून काखेत धरलं.

“सर, करार म्हणजे चेष्टा नाही,” मुसोंडा खड्ड्याच्या कडेला येऊन म्हणाले.

“मग टाका माती. मी तयार आहे.”

शवपेटी धरून उभ्या भाच्यांचे खांदे भरून आले. कातोंगोंची थोरली बहीण काठी टेकत पुढे आली. “मुसोंडा, माझा भाऊ उन्हात ताटकळतोय. तू पण बेम्बाच ना? थट्टेच्या भावाला आपण कधी नाही म्हटलंय?”

मुसोंडांनी चहूकडे पाहिलं. अख्खं गाव त्यांच्याकडे बघत होतं.

“बरं,” ते घाम पुसत म्हणाले, “करतो सही. उद्या ऑफिसात.”

“आत्ता!”

“आत्ता कशावर करू? कागद कुठंय?”

जेरे सरांनी एकेक खिसा चाचपला. हाताला लागला फक्त ओला रुमाल. ते रडायला आले होते, करार करायला नव्हे. मुसोंडांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं.

तेव्हा कातोंगोंची बायको जागेवरून उठली. कमरेला गुंडाळलेल्या कापडाच्या घडीतून तिने एक कागद आणि पेन काढलं आणि मुसोंडांच्या हातात ठेवलं. ती कराराची प्रत होती, नवव्या कलमासकट. चेअरमनची सही आधीच झालेली होती, पहिल्या बैठकीच्या तारखेची. उपाध्यक्षांची जागा तेवढी मोकळी होती.

मग ती खड्ड्याच्या कडेला गेली आणि जेरे सरांकडे वाकून म्हणाली, “हॉस्पिटलात मला बजावून गेलेत. म्हणाले, जाड्या खड्ड्यात उतरेल ह्यात शंका नाही, पण कागद घरी विसरेल.”