कढईचं काळं

दिगंबरने पिशवीतली कढई काढून ओट्यावर ठेवली आणि शाबासकीची वाट पाहत तिथेच उभा राहिला.

सुनंदा कणीक मळत होती. तिने मान वळवून पाहिलं. कढई लोखंडाची होती, पण आतून-बाहेरून राखाडी, दुकानातून आत्ताच आणल्यासारखी.

"ही कुणाची आणलीत?"

"कुणाची काय? तुझीच. आईंची."

तिचे हात परातीतच थांबले. आईला जाऊन जेमतेम महिना झाला होता. हवं ते घ्या, असं वहिनी म्हणाल्या, तेव्हा नागपूरच्या भरल्या माहेरातून तिने एवढी कढईच उचलून आणली होती.

दिगंबर मात्र रंगात आला होता. कारखान्यात त्याच्या खात्यात लोखंडी पत्रे रंगवण्याआधी धुतले जात. आधी गरम कॉस्टिकच्या टाकीत, मग ॲसिडच्या. कॉस्टिकने तेलकटपणा जातो, ॲसिडने गंज. कढई तारेला बांधून त्याने दोन्ही टाक्यांत बुडवली होती आणि मग सोडा लावून चांगली खळखळून धुतली होती. कुठल्या काळचा तो थर, पापुद्रे सुटावेत तसा सुटून आला म्हणे.

"टाकीवरचा यादव तर म्हणाला, भाभीजी पहचान ही नहीं पाएंगी!"

"नाहीच ओळखली," सुनंदा म्हणाली.

तिने ओली बोटं कढईच्या तळावरून फिरवली. बोलता बोलता बोटांच्या खुणा पिवळसर पडू लागल्या.

"हात नको लावूस ओला," तो घाईने म्हणाला. "उघडं लोखंड आहे, बघता बघता गंजतं. तेल लावून ठेव."

"आईकडे कधी गंजली नाही. अंगावर काळं होतं ना ते, म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. "एवढी वर्षं तिच्या हातचं तेल जळून जळून चढलं होतं ते. मला तेवढंच तर हवं होतं. तुम्ही टाकीत सोडून आलात."

ती रडली असती तर दिगंबरला बरं वाटलं असतं. ती रडली नाही. लोखंडावरचं काळं काढायचं कसं, हे त्याला तोंडपाठ होतं. ते परत चढवायचं कसं, हे त्याच्या खात्यात कुणी कधी विचारलंच नव्हतं.

सुनंदाने कढई पुसली, गॅसवर ठेवली आणि आतून तेलाचा हात फिरवला. धूर निघाला. मग तिने फोडणी करून पिठलं टाकलं. ते लगेच खाली लागलं. जळका वास थेट बाहेरच्या खोलीपर्यंत पोचला. अर्धंअधिक पिठलं कढईनेच ठेवून घेतलं.

जेवताना दिगंबरने करपलेलं पिठलं मागून घेऊन खाल्लं.

"आईचंही असंच लागायचं," सुनंदा एकदम म्हणाली. "लग्न होऊन आली तेव्हा. कढई नवी होती. आजी तिला रोज बोलायची."

"मग?"

"मग काय? करत राहिली."

जेवण झाल्यावर तो गुपचूप उठला, तारेची घासणी घेऊन कढईपाशी बसला. सुनंदाने ती त्याच्या हातातून काढून घेतली. करपलेलं तिने कालथ्याने हळूच सोडवलं, कढई फडक्याने पुसली, बोटभर तेल लावून उजेडात धरली.

"तळाला डाग राहिलाय," दिगंबर भीत भीत म्हणाला. बंद्या रुपयाएवढा, काळसर.

"राहू दे," ती म्हणाली. "तेवढी काळी झाली."