चॅपेलमधला पहिला बाप्तिस्मा

आमचं बॅप्टिस्ट चॅपेल नुकतंच बांधून झालं होतं. पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देण्यासाठी फरशीत हौद केला होता. लांबच्या झऱ्याचं पाणी आणून चॅपेलच्या मंडळीनं तो भरला. पहिला बाप्तिस्मा म्हाताऱ्या ठकूबाईचा होता. नवऱ्याला, रखमाजीला, हे पसंत नव्हतं, म्हणून ती कित्येक वर्षं थांबली होती.

ती हौदापाशी आली, तेवढ्यात दारात गावातल्या बायका रिकाम्या कळश्या घेऊन उभ्या राहिल्या. दुष्काळात गावची विहीर आटली होती. त्या विहिरीवर मंडळीच्या लोकांना कधी पाणी भरू दिलं नव्हतं.

“पाणी दिलं तर तुमचा बाप्तिस्मा राहील,” बाप्तिस्मा द्यायला उभे असलेले पाळक ठकूबाईला म्हणाले.

“मी थांबेन, पाळकसाहेब. त्यांची लेकरं कशी थांबतील?”

ठकूबाईनं पदर खोचला आणि पहिली कळशी स्वतः भरून दिली. संध्याकाळी हौदाचा तळ दिसू लागला.

दुष्काळ सरला. एका सकाळी रखमाजी बैलगाडीत पाण्याची पिंपं घेऊन चॅपेलपाशी आला.

“गावच्या विहिरीचं आहे,” तो पाळकांना म्हणाला. “त्याच बायांनी शेंदून दिलं. कुणी अडवलं नाही.”

हौद भरला. ठकूबाईचे पाय पायरीवर लटपटू लागले, तसा रखमाजी वहाणा काढून पुढं झाला आणि त्यानं तिचा हात धरला.

“तुम्हाला पटलं का आता?” तिनं हळूच विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “पण तू पडशील.”

आणि तिला धरून तो पाण्यात उतरला.