पाळणा कुणाकडे ठेवायचा

"पाळणा नको," दारिना म्हणाली.

दारिना युक्रेनहून आलेली. आठवा महिना. नवरा तिकडे आघाडीवर. जपानमधल्या फुनाबोरीच्या सभागृहात तिच्यासाठी जमवलेलं सामान मांडून ठेवलं होतं. दुपटी, झबली आणि कोराकरकरीत लाकडी पाळणा.

तिचं मोडकंतोडकं जपानी मितालीने सासूला, सुमनबाईंना, मराठीत सांगितलं. "त्यांच्याकडे बाळ व्हायच्या आधी त्याचं काहीच घरात आणत नाहीत म्हणे. घरी लढाई चालू असताना तर ती हे मोडणारच नाही."

"मग नंतर नेईल."

"नंतर कुठून, आई? हॉल आज रिकामा करायचाय. नेलं नाही तर सगळं दुसऱ्या मदत केंद्राकडे जाईल. हे हॉलचे मोरिता-सान कधीचे तेच सांगताहेत."

मोरिता-सान ओशाळून हसले. दारिना मान खाली घालून उभी. दोन्ही हात पोटावर.

सुमनबाई पाळण्याकडे बघत राहिल्या. मितालीला पाचवा लागला होता, आणि त्यांनी बाळासाठी अजून एक टाकाही घातला नव्हता. रिकामा पाळणा अशा घरात आणायचा म्हणजे... पुढचं त्यांनी मनातही येऊ दिलं नाही.

"आपल्याकडे ठेवू," त्या म्हणाल्या.

"तुम्ही म्हणताय हे? परवा मी नुसते मोजे बघत होते तर फोन काढून घेतलात हातातून!"

"मोजे तुझे होते. पाळणा हिचा आहे. सांग तिला, बाळ आल्यावर घेऊन जा. आणि तू उचलायला जाऊ नकोस. जयेशला बोलाव."

दारिनाने ऐकलं. होकारार्थी मान हलवली.

जयेशने पाळणा घरी आणून गॅलरीच्या काचेशी, उन्हात ठेवला. सुमनबाईंनी खलबत्त्यातला बत्ता धुतला, जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात, बारशाला वरवंटा गुंडाळतात तसा गुंडाळला आणि पाळण्यात निजवला. आता तो रिकामा नव्हता.

"आई, अगं चटणी कशात कुटणार?" जयेशने विचारलं.

"मिक्सर आहे की तुमचा. त्याला हात लावायचा नाही कुणी."

रविवारी दारिना चहाला आली. पाळण्यात निजलेलं ते गाठोडं बघून दारातच थबकली. कोण आहे, म्हणून मितालीला विचारलं.

"जागा धरून ठेवलीय म्हणावं तिच्या बाळाची," सुमनबाई म्हणाल्या.

मितालीने सांगितलं. दारिना हसली नाही. पाळण्याजवळ गेली, वाकून लुगड्याची कड नीट केली. मग एकाएकी तिने पाळणा धरला आणि ओढायला लागली. खोलीतून बाहेर, न्हाणीघर आणि कपाटामधल्या अरुंद बोळाकडे.

"अगं, जड आहे! अशा दिवसांत काय ओढतेस?" सुमनबाई चहाचा कप ठेवून उठल्या. "आणि तिथे तर अंधार आहे. इथे ऊन कसं छान येतंय."

मितालीने हळू आवाजात विचारलं. उत्तर दोन-तीन शब्दांचंच होतं.

"काय म्हणाली?"

"काचेजवळ नको म्हणते, आई. दोन भिंतींच्या आत हवा. तिकडे बॉम्ब पडला की काचा उडतात ना."

दारिना ओढतच होती. सुमनबाईंनी काचेकडे पाहिलं. बाहेर स्वच्छ ऊन होतं, समोरच्या इमारतीत गाद्या वाळत होत्या.

त्या वाकल्या आणि त्यांनी पाळण्याचं दुसरं टोक धरलं.