दोन डोळ्यांची दोन रिळं

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव जाण्याआधी कोणीतरी हौसेनं त्याची थ्रीडी फिल्म काढली होती. डाव्या डोळ्याचं रीळ वेगळं, उजव्याचं वेगळं. दोन प्रोजेक्टर म्हणजे नवराबायकोच, एक जरा पुढे गेला की दुसऱ्याचा रुसवा.

ती फिल्म दाखवायला शुभांगीनं भरदुपारी पुनर्वसनाच्या गावातल्या समाजमंदिराच्या खिडक्या पोत्यांनी झाकल्या. रिळं इतकी कडक झाली होती, की एकदाच चालली असती. आनंदाबाईंच्या वारलेल्या नवऱ्याचा, तेजरामांचा, एकही फोटो उरला नव्हता. शूटिंगच्या दिवशी ते दारात उभे होते, एवढं आनंदाबाईंना पक्कं आठवत होतं.

पडद्यावर घर आलं. दार रिकामं होतं.

"दिसले का, मावशी?" शुभांगीनं घाबरतच विचारलं.

"दिसतेत ना. पण दोन दोन दिसून राहिले. मले एकच झेपला नाही, बाई!"

जुळवणी तपासायला शुभांगीनं डाव्या प्रोजेक्टरच्या भिंगापुढे हात धरला. दार रिकामं. मग उजव्यापुढे धरला. तरीही रिकामंच.

शेवटी तिनं दोन्ही भिंगं झाकली. पडदा काळा झाला.

"हां, आता एकच दिसतेत," आनंदाबाई म्हणाल्या. "हात काढू नको. इकडेच येऊन राहिले."

अंधारात त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलल्याचा आवाज आला. मग ती खुर्ची करकरली.