चटई कुणाच्या दारात

जन्मभर चोऱ्या करणाऱ्या आणि नशेच्या पुड्या विकणाऱ्या मालाकीने एक दिवस पोलिसांना सगळं सांगून टाकलं, आणि गावातला बडा पुडीवाला सेफो पकडला गेला.

"पहाटे डोक्यावर चटई घेऊन आमच्या दारात गुडघे टेक, नाहीतर गाव सोड!" सेफोचा भाऊ गरजला. आमच्या सामोआत माफी अशीच मागतात.

पहाटे मालाकी खरंच चटई घेऊन निघाला.

"आला बघा म्हातारा, शेपूट घालून!" सेफोचे भाऊ हसले.

"माफी मागायलाच निघालोय, पोरांनो," त्यांच्या दारावरून पुढे जात तो म्हणाला, "पण तुमचं घर मागे राहिलं."



सिनिवाच्या अंगणात त्याने चटई डोक्यावर ओढून गुडघे टेकले. नशेने गेलेल्या तिच्या लेकीला पहिली पुडी त्यानेच दिली होती.