पंचायतीतला फोन

परभणीला खेटे घालून घालून चपला झिजल्या, तेव्हा कुठं आमच्या गावात फोन आला. सरपंच म्हणून त्याला हारही मीच घातला. पण यंदाही दसरा सरला अन् तार तुटली. जोडून घेतली, परत तुटली. शेवटी वैतागून भरदुपारी पंचायतीमागं दबा धरून बसलो, तर ऊसतोडीला जाणारी सारजाबाई कोयता घेऊन आली.

"सारजाबाई, फोन कुणासाठी आणलाय? तुमच्यासाठीच ना!" मी ओरडलो.

तिनं कोयता लपवलासुद्धा नाही.

"मुकादमाचा फोन आला की दुसऱ्या दिशी टरक दारात उभा ऱ्हातो, सरपंच. पयलं त्याचा सांगावा यायलाच आठ-धा दिस लागायचे. तेवढ्यात लेकरांची दिवाळी घरी व्हायची."