धडका शून्य

नव्या इस्पितळाच्या संगणकावरच्या मॉडेलमध्ये कुठलाही पाइप तुळईला आपटत नाही, असं सॉफ्टवेअरने तीनदा सांगितलं. धडका शून्य. साहेबांनी पाठ थोपटली. उद्या नकाशे साइटवर जाणार होते. तरी ते बनवणाऱ्या इंजिनीअर मुलीच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. कुठेतरी माशी शिंकणार, असं सारखं वाटत होतं.

घरी आल्या आल्या, खांद्यावरची पर्सही न काढता, तिने लॅपटॉप उघडला आणि आईला शेजारी बसवलं. आईची उभी हयात वॉर्डात नर्स म्हणून गेलेली.

"चल, पडद्यावरच अख्खं इस्पितळ फिरवून आणते तुला," म्हणत तिने बाण दाबला. कॉरिडॉर, खोली, बाथरूम. आई कौतुकाने मान डोलवत होती. मग एकदम थबकली.

"थांब. दार न उघडताच आत शिरलीस? भूत आहेस का तू?"

"अगं, सॉफ्टवेअर सगळी दारं मिटलेलीच धरतं. आपण आरपार जातो."

"तू जाशील गं बाई. मी स्ट्रेचर घेऊन कशी जाऊ? उघड बघू दोन्ही."

तिने आधी बाथरूमचं दार उघडलं, मग खोलीचं. खोलीचं दार बाथरूमच्या दाराला अडलं आणि वीतभर फटीवरच थांबलं.

"आत कुणी घसरून पडलं, तर पोचायचं कसं?" आईचा आवाज बदलला. "अशा खोल्या किती आहेत?"

तिने सॉफ्टवेअरचा अहवाल पुन्हा उघडला.



खोल्या एकशे बारा. धडका शून्य.